पवनेच्या खोऱ्यातला रस्ता कुणाचा?

आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीमुळे पुणे जिल्ह्यातील ग्रामीण रस्त्यांकडे साऱ्यांचे लक्ष गेले. शर्यत संपली, डांबर मागे उरले. शहरातील सायकलपटूंच्या विशेष आवडीच्या पवन मावळात या रस्त्यांवर वाहतुकीचा, पर्यटनाचा आणि जमिनीच्या व्यवहारांचा जो ताण पडतो आहे, त्याचा हा वेध.

जानेवारी २०२६ मध्ये, १९ ते २३ तारखेदरम्यान, 'पुणे ग्रँड टूर' ही सायकल शर्यत पार पडली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या वेळापत्रकात २.२ दर्जा मिळालेली ही टप्प्याटप्प्यांची शर्यत एकूण ४३७ किलोमीटरची होती. परदेशी खेळाडू, त्यांच्यामागे धावणाऱ्या गाड्या, रस्त्याच्या दुतर्फा उभी केलेली शाळकरी मुले हे दृश्य जिल्ह्याने प्रथमच पाहिले. शर्यतीच्या मार्गात मुळशी आणि मावळ हे सह्याद्रीच्या कुशीतले तालुकेही होते. शर्यतीसाठी रस्त्यांचे नूतनीकरण झाले, खड्डे बुजविण्यात आले, आणि पुणे जिल्ह्याला 'सायकल पर्यटनाचे केंद्र' करण्याची भाषा सुरू झाली. भाषा आकर्षक आहे. परंतु ज्या रस्त्यांच्या भरवशावर हे पर्यटन उभे राहायचे, ते रस्ते नेमके कशासाठी आणि कुणासाठी आहेत, याचा विचार त्या भाषेत फारसा दिसत नाही.

हा विचार नकाशावर सबंध जिल्हा पसरून करण्यापेक्षा एका नदीच्या काठाने केलेला बरा. त्यासाठी पवनेचे खोरे सर्वांत सोयीचे. पवना लोणावळ्याच्या दक्षिणेला सह्याद्रीत उगम पावते, पूर्वेकडे वाहत पिंपरी-चिंचवडमध्ये शिरते, चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधी मंदिरावरून पुढे जाऊन दापोडीजवळ मुळेला मिळते. म्हणजे जी नदी वरच्या अंगाला भाताच्या खाचरांची आहे, तीच खालच्या अंगाला कारखान्यांच्या आणि उंच इमारतींच्या शहराची होते. वरच्या भागाला पवन मावळ म्हणतात. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चार किल्ले या खोऱ्यावर नजर ठेवून आहेत. मधोमध पवना धरणाचा जलाशय आहे आणि धरणाच्या पायथ्याशी पवनानगर. जुनी माणसे त्याला अजूनही काले कॉलनीच म्हणतात.

सायकल चालविणाऱ्याच्या दृष्टीने या खोऱ्याचे वैशिष्ट्य त्याच्या उतारात आहे. पुणे शहराची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ५६० मीटर, आणि जलाशयाचा काठ सहाशे मीटरच्या थोडासा वर. तीस-चाळीस किलोमीटरच्या वाटचालीत निव्वळ चढ पन्नास-साठ मीटरचा. मधले लहानसहान चढउतार सोडले, तर पायांना जाणवूही नये इतका. नदीने हजारो वर्षे खपून केलेली ही सपाटी आहे; रस्ता बांधणाऱ्याने फक्त तिच्यावर डांबर ओतले. डोंगर समोर दिसत राहतात, पण चढावे लागत नाहीत. ज्यांना चढायचे आहे त्यांच्यासाठी कडेला वाटा आहेतच. तिकोन्याकडून हडशी आणि कोळवणमार्गे पौडला उतरता येते. दुधिवरे खिंडीतून लोणावळ्याकडे जाता येते. कामशेतहून बेडशाच्या लेण्यांजवळून टेकड्यांची एक रांग ओलांडून पवनानगरला पोहोचता येते. तळेगावजवळच्या सोमाटणे फाट्यावरून शिरगाव, चांदखेडच्या बाजूने खोऱ्यात शिरणारे तर सर्वाधिक. चार दिशांनी येऊन चार दिशांनी बाहेर पडता येईल अशी ही रचना असल्याने पन्नास किलोमीटरच्या सकाळच्या फेरीपासून सव्वाशे किलोमीटरच्या दिवसभराच्या वर्तुळापर्यंत कोणताही बेत येथे बसतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, पण घरी परतताना तोच पाठीशी असतो. दमलेल्या माणसाला हे किती मोठे सुख आहे, ते सायकलवाल्यालाच ठाऊक.

पुण्या-मुंबईतील मध्यमवर्ग गेल्या दहा-पंधरा वर्षांत पुन्हा सायकलवर बसला, यामागे अनेक कारणे आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. अशा बातम्यांनी डॉक्टर, संगणक अभियंते, बँकेतले अधिकारी यांच्यात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची ओढ निर्माण झाली. टाळेबंदीच्या काळात तीत भर पडली. परंतु एक कारण सहसा सांगितले जात नाही. ही मंडळी खोऱ्यात येतात, कारण शहरात त्यांना जागा उरलेली नाही. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्याने २०१७ च्या अखेरीस सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींची योजनाही मोठा गाजावाजा करून आणली गेली. त्या सायकली पुढे कुठे पडून राहिल्या हे पुणेकरांनी पाहिले आहे. सायकलींसाठी आखलेल्या पट्ट्यांवर काय काय उभे असते, तेही रोज दिसते. द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव आहे आणि जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर अवजड वाहनांची रीघ. तेव्हा पहाटे साडेपाचला घर सोडायचे, जीव मुठीत धरून महामार्गाचा तुकडा पार करायचा आणि सोमाटण्याला वळल्यावर मोकळा श्वास घ्यायचा, हा क्रम ठरून गेला. शहराने आपले अपयश असे गावाच्या रस्त्यावर नेऊन ठेवले आहे.

आता त्या रस्त्याकडे पाहू. पवन मावळातील बहुतेक रस्ते हे मुळात गावाला गावाशी आणि गावाला बाजाराशी जोडणारे आहेत. २००० पासून पंतप्रधान ग्रामसडक योजनेने आणि २०१५ पासून मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेने देशात आणि राज्यात असे असंख्य रस्ते डांबरी झाले. त्यांची रुंदी साधारण तीन ते पावणेचार मीटर धरलेली असते. समोरून एसटी आली तर मोटारीने एक चाक मातीत घालायचे, हा त्यामागचा अलिखित करार. मोठ्या गावांना जोडणारे काही रस्ते साडेपाच मीटरपर्यंत वाढले. या रस्त्यांवरून जाते ते म्हणजे पहाटेचे दूध, वडगावच्या कचेरीला निघालेला माणूस, इंद्रायणी तांदळाची पोती, हरितगृहांतील गुलाब. मावळातील गुलाबाला फेब्रुवारीत परदेशांतून मागणी असते आणि त्या पंधरवड्यात फुलांच्या गाड्या रात्रंदिवस धावतात. नोव्हेंबरपासून कासारसाई-दारुंब्रेच्या साखर कारखान्याकडे जाणारा ऊस ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्यांतून निघतो. अंधारात, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली ही दुचाकीवाल्याला आणि सायकलवाल्याला सारखीच जीवघेणी असते. तिला दिवा किंवा निदान परावर्तक पट्टी लावण्यासाठी दरवर्षी मोहिमा निघतात, दरवर्षी छायाचित्रे छापून येतात आणि तरीही विनादिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर दिसतच राहतात.

या साऱ्यांत सायकल नवी नाही, हे शहरी वाचकाने ध्यानात घ्यायला हवे. खोऱ्यात सायकल आली ती व्यायामासाठी नव्हे. दुधाचे कॅन लटकवलेली, मागच्या कॅरिअरवर गवताचा भारा बांधलेली काळी सायकल हेच कित्येक वर्षे येथले वाहन होते. ती गेली आणि तिच्या जागी मोटारसायकल आली, कारण मोटारसायकल परवडू लागली आणि वेळ महाग झाला. आज गावात सायकल उरली आहे ती मुख्यतः शाळेच्या मुलांकडे. मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्याच्या मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. म्हणजे शासनाला सायकलचे महत्त्व कळत नाही असे नव्हे. पण मुलीला सायकल देणारे खाते वेगळे आणि तिच्या चाकाखालचा रस्ता बांधणारे खाते वेगळे. रस्ता बांधताना त्यावरून तेरा वर्षांची मुलगी दप्तर घेऊन जाणार आहे, हे अंदाजपत्रकात कुठेही लिहिलेले नसते. दीड-दोन लाखांच्या कार्बनच्या सायकलवर बसलेला अभियंता आणि ही मुलगी यांच्यात साम्य एकच: मागून येणाऱ्या मोटारीपुढे दोघेही सारखेच उघडे असतात.

आकडे पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांतील दोन तृतीयांशांच्या आसपास मृत्यू ग्रामीण भागांतील रस्त्यांवर झाले. अपघात म्हटले की शहरातला चौक डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात माणसे मरतात ती मोकळ्या, सरळ, दिव्याविना असलेल्या रस्त्यांवर. रस्ता जितका सुंदर, तितका वेग अधिक आणि वेग जितका अधिक, तितकी चूक सावरायची संधी कमी. यात गूढ काही नाही. ताशी तीस किलोमीटरने येणारी गाडी धडकली तर पादचारी किंवा सायकलस्वार बहुधा वाचतो. तीच गाडी साठच्या वेगाने आली तर वाचण्याची शक्यता फार थोडी उरते. खड्ड्यांचा रस्ता हा कुणाचाच आदर्श असू शकत नाही. पण खड्डे बुजवल्यानंतर वेगाला दुसरा काही आवर घातला नाही, तर गुळगुळीत डांबर गावकऱ्याच्या सोयीऐवजी पाहुण्याच्या घाईच्या कामी येते. शर्यतीच्या दृष्टीने गतिरोधक अडचणीचे. गावच्या दृष्टीने शाळेसमोरचा गतिरोधक अत्यावश्यक. शर्यत वर्षातून एकदा येते, शाळा रोज भरते. तेव्हा शर्यतीच्या निकषांवर तयार केलेला रस्ता आपोआप सायकलीसाठी चांगला ठरतो, ही समजूत सोडून द्यावी लागेल. शर्यतीच्या दिवशी रस्ता वाहतुकीला बंद असतो, हा तिच्या सुरक्षिततेचा खरा पाया. उरलेले ३६० दिवस तो उघडा असतो.

आणि शनिवार-रविवारी तो किती उघडा असतो, हे जलाशयाकाठी जाऊन पाहावे. पवना धरणाच्या काठाने तंबूंच्या मुक्कामाचा व्यवसाय गेल्या काही वर्षांत वेगाने वाढला. शुक्रवारी संध्याकाळपासून मोटारींची रांग लागते, रविवारी दुपारी ती उलट दिशेने वाहते. या व्यवसायाने अनेक तरुणांना गावातच काम दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या कुटुंबाची शेती पाण्याखाली गेली, त्याच्या नातवाने काठावर चार तंबू ठोकले तर त्याला नाके मुरडण्याचा अधिकार शहरातल्या कुणालाही नाही. पण तंबूमागे मोटारी आल्या, मोटारींमागे मद्याच्या बाटल्या आणि मध्यरात्रीचा कर्णकर्कश आवाज आला. सकाळी सहा वाजता खोऱ्यात शिरणारा सायकलस्वार आणि रात्रभर जागून सकाळी निघालेला मोटारचालक यांची गाठ याच अरुंद रस्त्यावर पडते.

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. त्यातील बारा किल्ल्यांत लोहगड आहे. ही अभिमानाची बाब खरीच. परंतु तिचा एक परिणाम म्हणजे या खोऱ्याच्या उंबरठ्यावर आणखी गर्दी येणार. त्याआधी महिनाभर, १५ जून २०२५ रोजी, शेजारच्या इंद्रायणीच्या खोऱ्यात कुंडमळा येथे जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला होता. तो रविवार होता आणि पुलावर पर्यटकांची गर्दी झाली होती. गावच्या ये-जा करण्यापुरता असलेला पूल सुट्टीच्या दिवशी शहराचा भार उचलत होता. ग्रामीण सोयी आणि शहरी गर्दी यांच्या या विषम गणिताचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

येथे थोडा इतिहास आठवणे भाग आहे, कारण त्याशिवाय पवन मावळातला माणूस कोणत्याही नव्या योजनेकडे संशयाने का पाहतो, हे कळणार नाही. डोंगरापलीकडच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, धरण झालेच. पवनेवर धरण झाले ते १९७० च्या दशकात. साडेआठ टीएमसीच्या आसपास क्षमतेच्या या जलाशयात गावे आणि जमिनी गेल्या, आणि धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे कित्येक दशके रेंगाळला. धरणाचे पाणी नदीतून वाहत रावेतला येते आणि तेथून पिंपरी-चिंचवड ते उचलते. नदीतून येणारे पाणी वाटेतल्या शेतीलाही मिळते. हेच पाणी बंदिस्त जलवाहिनीतून थेट शहराला नेण्याची योजना आली, तेव्हा खोरे पेटले. ९ ऑगस्ट २०११ रोजी, क्रांतिदिनी, शेतकऱ्यांनी बऊर येथे द्रुतगती मार्ग रोखला. पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात एका महिलेसह तिघे मृत्युमुखी पडले. सोमाटण्याहून वळून पवनानगरकडे निघालेला सायकलस्वार ज्या शेतांचे छायाचित्र काढतो, त्या शेतांच्या मालकांच्या मनात ही तारीख अजून ताजी आहे.

या पार्श्वभूमीवर 'खोऱ्यात सायकल मार्ग करू' असे कुणी म्हटले, तर गावकऱ्याला काय ऐकू येते? त्याला भूसंपादन ऐकू येते. पाणी शहराला गेले, जमीन बंगल्यांना गेली, आता उरलेल्या रस्त्याचा एक पट्टा शहरातल्या हौशी माणसांसाठी राखून ठेवणार, अशी त्याची समजूत झाली तर तिला निराधार म्हणता येणार नाही. शिवाय मोठ्या रस्त्याचा अनुभव त्याच्या दाराशी आलाच आहे. पुण्याभोवतीच्या वर्तुळाकार मार्गाचा पश्चिम भाग उर्से येथून सुरू होऊन मावळ, मुळशी, हवेलीतून भोरच्या दिशेने जातो. त्याची आखलेली रुंदी ११० मीटर आहे. पावणेचार मीटरच्या गावरस्त्यांच्या प्रदेशात ११० मीटरचा रस्ता म्हणजे काय, याची कल्पना कागदावर येत नाही. खोऱ्याच्या तोंडाशी असा मार्ग झाला की त्याच्या आसपासच्या जमिनींचे भाव आणि त्यापाठोपाठ वाहतूक, ही दोन्ही वरच्या अंगाला सरकत जाणार हे उघड आहे. आज सायकलस्वार ज्याला 'शांत रस्ता' म्हणतात, तो दहा वर्षांनी शांत राहील याची शाश्वती देणारा कोणताही निर्णय आज अस्तित्वात दिसत नाही.

असे निर्णय इतरत्र झाले आहेत. सायकल पर्यटनाच्या चर्चेत युरोपचे दाखले हमखास दिले जातात. ते बहुधा अर्धवट असतात. फ्रान्समधील लुआर नदीकाठचा सायकल मार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा आहे आणि अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या 'युरोव्हेलो ६' या महामार्गाचा तो भाग आहे. त्याची छायाचित्रे पाहून आपल्याकडचे लोकप्रतिनिधी स्वतंत्र, रंगीत, कठडे लावलेल्या मार्गिकेची कल्पना करतात. प्रत्यक्षात त्या मार्गाचा मोठा भाग कमी वर्दळीच्या साध्या गावरस्त्यांवरूनच जातो. तेथे केले ते एवढेच की कोणता रस्ता निवडायचा याचा नीट विचार केला, प्रत्येक वळणावर एकसारखी पाटी लावली, आणि मोटारींना जाण्यासाठी दुसरा रस्ता आहे याची खात्री करून घेतली. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आतल्या घरगुती निवासांना आणि खाणावळींना, सायकल ठेवायला सुरक्षित जागा, दुरुस्तीची हत्यारे अशा अटी पूर्ण केल्यास एक मानचिन्ह दिले जाते. पैसा त्यामुळे मोठ्या हॉटेलांकडे न जाता छोट्या गावांत झिरपतो. सायकलस्वाराचे हे एक वैशिष्ट्यच आहे: त्याला दर वीस किलोमीटरला भूक लागते आणि तो फार सामान सोबत नेऊ शकत नाही. पिठलं-भाकरी, मिसळ, ताक, केळी हे त्याला जागेवर घ्यावेच लागते. मोटारवाला मात्र शहरातल्या मॉलमधून सारे भरून आणतो आणि कचरा तेवढा गावात ठेवून जातो.

ऑस्ट्रियातील डॅन्यूबकाठच्या मार्गाचा दाखला मात्र आपल्याकडे लागू पडत नाही. तेथे नदीच्या काठाने घोड्यांकरवी नावा ओढण्याच्या जुन्या वाटा होत्या. त्याच पुढे सायकलींना उपयोगी पडल्या. पवनेला अशी वाट नाही, आणि काठाची जमीन इंचाइंचाने शेतकऱ्याची आहे. म्हणूनच येथे नवा मार्ग बांधण्यापेक्षा असलेला रस्ता शांत ठेवणे हाच व्यवहार्य पर्याय उरतो. त्याला भूसंपादन लागत नाही. पैसा लागतो, पण कमी. आणि कदाचित म्हणूनच त्यात कुणाला रस नसतो. रुंदीकरणाला निविदा निघते, शांततेला निघत नाही.

रस्ता शांत ठेवायचा म्हणजे नेमके काय, हेही सांगायला हवे. अन्यथा हे केवळ रम्य शब्द ठरतील. डांबराची कड आणि बाजूची माती यांत आज कित्येक ठिकाणी वीतभर पायरी असते. मागून भोंगा वाजला की सायकलस्वाराला खाली उतरता येत नाही, उतरला तर पडतो. दर पावसाळ्यानंतर मुरूम टाकून ती कड डांबराच्या पातळीला आणणे, एवढे एक काम केले तरी मुलांचे आणि म्हाताऱ्यांचे चालणे सुरक्षित होईल. गतिरोधकांचे तर शास्त्र ठरलेले आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकानुसार गतिरोधक दहा सेंटीमीटर उंच आणि तब्बल ३.७ मीटर रुंद, हलक्या कमानीसारखा असायला हवा. त्यावरून सायकल आरामात जाते आणि मोटारीचा वेग उतरतो. गावोगाव जे दिसतात ते मात्र रातोरात ओतलेले फूटभर रुंदीचे बांध. त्यांवर रुग्णवाहिकेतील रुग्ण हेलकावतो, सायकलचे चाक वाकते आणि उंच मोटारी बिनदिक्कत उडून जातात. गावांच्या हद्दीत ताशी तीसची वेगमर्यादा लावणे, खडीच्या आणि वाळूच्या डंपरना शनिवार-रविवारच्या सकाळी मज्जाव करणे, यांना कायद्याचा अडथळा नाही. वाहतुकीचे नियमन करण्याचे अधिकार प्रशासनाकडे आहेत आणि पावसाळी पर्यटनाच्या वेळी ते वापरलेही जातात.

खरा कळीचा मुद्दा मोटारींचा आहे. कामशेतला लोकल थांबते. तेथून पवनानगर फार लांब नाही. सुट्टीच्या दिवशी कामशेत स्थानकाहून जलाशयाकडे दर अर्ध्या तासाला एसटीच्या लहान गाड्या सोडल्या, पवनानगरच्या अलीकडे ग्रामपंचायतीने वाहनतळ करून त्याचे शुल्क स्वतःकडे ठेवले, तर जलाशयाभोवतीच्या अरुंद रस्त्यावरचा ताण निम्म्याने उतरायला हरकत नाही. यात गावाला उत्पन्न आहे आणि रस्त्यावर निर्णय घेण्याचा अधिकारही. शर्यतीच्या आखणीत गावांचा सहभाग स्वागतकमानी आणि ढोल-लेझीम यांच्यापलीकडे किती होता, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. सायकल पर्यटनाचा आराखडा खरोखरच होणार असेल, तर पहिली बैठक जिल्हाधिकारी कचेरीत न घेता पवनानगरच्या ग्रामसभेत घ्यावी. तेथे सायकलपेक्षा पाण्याचे प्रश्न अधिक विचारले जातील. विचारले जावेत.

सायकलपटूंनाही दोन शब्द ऐकवणे प्राप्त आहे. पंचवीस-तीस जणांचा जथा रस्ता अडवून गप्पा मारत निघतो, मागे त्यांचीच मदतीची मोटार संथपणे रांगत असते आणि तिच्यामागे दुधाची गाडी खोळंबलेली. पहाटेच्या अंधारात मागचा दिवा न लावता निघणारे महाभाग कमी नाहीत. खाऊन फेकलेल्या ऊर्जापेस्टच्या चकचकीत पुड्या भाताच्या बांधावर दिसतात. गावातल्या लोकांना सायकलस्वारांविषयी आज राग नाही. थोडे कुतूहल आणि बरेचसे कौतुक आहे. ते टिकवणे सायकलपटूंच्या हातात आहे. त्यांच्या संघटना शहरात मार्गिकांसाठी निवेदने देतात, ते योग्यच. पण ज्या रस्त्यावर ते दर रविवारी जातात, त्या रस्त्यावरच्या शाळेसमोर गतिरोधक व्हावा म्हणून गावकऱ्यांबरोबर बांधकाम खात्याच्या पायऱ्या चढणारे त्यांच्यात फारसे दिसत नाहीत.

यातून पुढे काय होईल, हे बव्हंशी दोन गोष्टींवर अवलंबून आहे. वर्तुळाकार मार्ग आणि खोऱ्यातले गावरस्ते यांची सांगड कुठे आणि कशी घातली जाणार, ही पहिली. उर्से परिसरातून उतरणारी वाहतूक सरळ पवनानगरच्या रस्त्यावर सोडली, तर वर सुचविलेल्या कोणत्याही उपायाला अर्थ उरणार नाही. ती जुन्या महामार्गाकडे वळवली, तर बरेच काही वाचेल. शर्यतीच्या निमित्ताने जिथे जिथे नवे डांबर पडले, तिथे त्याच्या देखभालीची तरतूद कुणाच्या लेखाशीर्षातून होणार, ही दुसरी. मावळात पाऊस जूनमध्ये धरतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत उघडीप देत नाही. डोंगराकडून येणारे पाणी मोरीतून न जाता रस्त्यावरून वाहते आणि सर्वांत आधी डांबराच्या कडा उखडतात. नेमक्या त्याच दोन फुटांच्या पट्ट्यातून खोऱ्यातली सायकल चालते, मग ती शाळेला निघालेली असो वा तिकोन्याला.